सोमवारी घारापुरी बंद

घारापुरी सोमवारी बंद. मत्स्यालयही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला जायचं नाही, रांग पार रस्त्यावर येते. हाजीअलीला निघायच्या आधी पेपरात भरतीची वेळ पाहायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या आमच्या पिढीला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. गावाहून पोस्टकार्ड यायचं, 'मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मुंबई पाहायला येत आहोत, लहानमोठे मिळून नऊजण.' आई मनातल्या मनात अंथरुणं मोजायला लागायची आणि अण्णा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळायचे. पाहुणे कोणत्या वारी येणार, परतीची गाडी कोणत्या वारी, मधे कोणकोणते वार पडतात, त्यावर सगळा बेत ठरायचा.

आमच्या गोतावळ्याची उपनगरांत चार घरं होती. आम्ही घाटकोपरला पंतनगरात, मामा मुलुंडला, मावशी अंधेरीला आणि आत्या बोरिवलीला. कुणी गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून आलेलं, कुणी लालबागहून, मामा तर थेट साताऱ्याहून. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत किंवा सोसायटीत दोन खोल्या मिळाल्या म्हणजे माणूस मुंबईत स्थिरावला असं गावी समजलं जायचं, आणि स्थिरावलेल्या माणसाकडे पाहुणे येणारच. आम्हाला ते ओझं वाटल्याचं मला आठवत नाही. आम्ही सगळी मामे-मावस-आते भावंडं एकत्र जमलो की आजही विषय शेवटी त्या मे महिन्यांवर येतो. मग कोण कुणाबरोबर कुठे गेलं होतं याची उजळणी होते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला न आठवणारं काहीतरी आठवतं.

पाहुणे चार घरांत वाटले जायचे, आणि त्या वाटणीमागे हिशेब होता. राणीची बाग, व्हीटी, गेट वे, घारापुरी ही ठिकाणं मध्य रेल्वेवरून सोयीची, म्हणून सुरुवातीचा मुक्काम घाटकोपरला नाहीतर मुलुंडला. महालक्ष्मी, मत्स्यालय, चौपाटी, हँगिंग गार्डन पश्चिम रेल्वेच्या बाजूला, म्हणून मग त्यांची रवानगी अंधेरीला. घाटकोपर ते अंधेरी ३४० नंबरची बेस्ट. ती साकीनाक्याला रखडायची, पण लहान मुलं आणि बोचकी घेऊन दादरचा पूल ओलांडण्यापेक्षा ते बरं. शेवटचा दिवस बोरिवलीला आत्याकडे, कारण तिच्या सासरच्या कोकणातल्या मंडळींना एस.टी. तिथूनच मिळायची. हीच माणसं आधी बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरत असत, आणि तेव्हा त्यांना आणायला मुलुंडचा मामा जायचा. दादरला गाडी बदलायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही, हा या सगळ्या आखणीचा गाभा. मुंबई पाहायला आलेल्या माणसाची निम्मी शक्ती दादरच्या पुलावर संपते, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवाने ओळखलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाली की अण्णा पाहुण्यांना लोकल शिकवायचे. सगळे चटईवर गोल करून बसायचे. पहिला नियम उतरण्याचा. आपल्या स्टेशनाच्या आधीच्या स्टेशनला उठून दाराकडे सरकायचं, आणि प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हे शेजारच्या माणसाला आधीच विचारून ठेवायचं. गाडी थांबते अर्धा मिनिट, तेवढ्यात उठून, सामान घेऊन, मुलांना हाक मारून उतरणं होत नाही. दुसरा नियम चुकामुकीचा. जो प्लॅटफॉर्मवर राहिला त्याने तिथेच उभं राहायचं, मागची गाडी पकडायची नाही. जे पुढे गेले त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसाने पुढच्या स्टेशनवर उतरून मागे यायचं आणि बाकीच्यांनी ठरलेल्या जागी थांबायचं. ठरलेली जागा म्हणजे व्हीलरचा पुस्तकांचा स्टॉल. 'पुलाखाली थांबा' असं कधीच सांगायचं नाही, पूल एकाहून जास्त असतात. तिसरा नियम पश्चिम रेल्वेवरचा, आत्याचे यजमान तो बोट वर करून सांगायचे. बोरिवलीला जाते म्हणून संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढायचं नाही, बोरिवलीला उतरता येणार नाही. चर्चगेटहून बोरिवली स्लो सुटते, वेळ लागतो पण बसून येता येतं. व्हीटीहून येताना हाच न्याय ठाणा स्लोला.

बायका आणि लहान मुलं लेडीज डब्यात, पुरुष मागच्या जनरल डब्यात. प्रत्येक मुलाच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी. मुलींच्या फ्रॉकला खिसा नसला तर ती आतून सेफ्टी पिनने लावायची. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, म्हणून चिठ्ठीवर पत्त्याखाली तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर असायचा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्यावर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं, हरवलेल्या माणसांचे फोटो आणि वर्णनं. ते पाहिलेल्या आमच्या आयांना त्या चिठ्ठीचं महत्त्व कुणी पटवून द्यावं लागलं नाही. पाहुण्यांच्या घोळक्यातलं मूल हरवलं तर गावी काय तोंड दाखवायचं, ही धास्ती आईच्या चेहऱ्यावर दिवसभर असायची. घरी पोचल्यावर ती उंबऱ्यातच सगळी डोकी मोजायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची.

आईचं सांगायलाच हवं. एरवी वर्षभर आमच्या आईची मुंबई म्हणजे घाटकोपर स्टेशन, भाजीबाजार, रेशनचं दुकान आणि सणासुदीला दादर. अण्णा रोज फोर्टात जायचे, त्यांना समुद्र ऑफिसातून सुटल्यावर चालत गेलं तरी दिसायचा. आई राजधानीत राहायची आणि समुद्र तिला पाहुणे आले तरच दिसायचा. पहाटे चारला नळ आला की ती उठायची, नऊजणांच्या आंघोळींचं पाणी भरायची, पोळ्यांचा ढीग रचायची, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. पण सहाच्या सुमाराला घराला कुलूप लागलं की तिथून रात्रीपर्यंत ती मोकळी. गाडीत खिडकी मिळाली की तिचा चेहरा बदलायचा. मावशीचंही तसंच होतं, मामीचंही. माझी अंधेरीची मावसबहीण म्हणते की तिने आपल्या आईला मोठ्याने हसताना पहिल्यांदा ऐकलं ते चौपाटीवर, गावाहून आलेल्या नणंदेबरोबर भेळ खाताना. आम्ही पाहुण्यांना मुंबई दाखवली असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आमच्या आयांना मुंबई पाहुण्यांनी दाखवली.

घारापुरीला एक अख्खा दिवस द्यायचा, त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही. सकाळच्या पहिल्या लाँचा नऊच्या सुमाराला गेट वेवरून सुटतात. त्यांतली एक पकडायची तर घाटकोपरहून सव्वासातच्या आत निघायला हवं, म्हणजे ऑफिसची गर्दीही टळते. लाँचला तासभर लागतो. डबा त्या तासातच उघडायचा, कारण बेटावर माकडं आहेत आणि ती हातातली पिशवी ओढून नेतात. आजी यायची तेव्हा तिला वरच्या डेकवर बसवायचं नाही, खाली मधोमध बसवायचं, तिथे हेलकावे कमी जाणवतात. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मुलांना तिच्यात बसवायचं आणि मोठ्यांनी चालायचं. मग पायऱ्या. लेण्यात शिरल्यावर अण्णा कुणालाच बोलू द्यायचे नाहीत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत खांबांपाशी उभं राहायचं आणि मग त्रिमूर्तीसमोर जायचं. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आलेल्या माणसाला ती मूर्ती एकदम दिसत नाही, हळूहळू पुढे येते. ती अशीच पाहावी. आता या लेण्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आहे, १९८७पासून. आम्ही पाहिली तेव्हा नव्हतं, पण मूर्ती याच होत्या.

परत आल्यावर ऊन कलेपर्यंत गेट वेच्या सावलीत बसायचं. तिथे मामाचं राज्य. पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हती, ती पुरी झाली १९२४ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची इंग्रज पलटण निघून गेली ती याच कमानीतून. मामा हे सांगायचा आणि मग सगळ्यांना वळवून समोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर उभं करायचा. पुतळा बसवला १९६१च्या प्रजासत्ताकदिनी, महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. साताऱ्याहून आलेली म्हातारी माणसं तिथे चपला काढून नमस्कार करायची. म्युझियम तिथून हाकेच्या अंतरावर. गेट वे ज्याने बांधला त्याच जॉर्ज विटेटने म्युझियमचीही इमारत आखली. पण घारापुरीच्याच दिवशी म्युझियम करायचं नाही, पाय दुखत असले की माणूस नुसता बाकं शोधतो. म्युझियमला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं आणि तिथून चालत हुतात्मा चौक.

हुतात्मा चौकात अण्णा थांबायचेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते विद्यार्थी होते. १ मे १९६०ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली ती कशी झाली, हे त्यांना मुलांना तिथेच उभं राहून सांगायचं असे. पुढे रस्ता मंत्रालयाकडे. गावाहून येणाऱ्यांत एखाद्या काकांचं तिथे काम असायचंच. कुणाची बदली, कुणाच्या शाळेचं अनुदान, कुणाच्या जमिनीची फाइल. बरेच पाहुणे मुंबई पाहायला म्हणून यायचे तेव्हा मुंबईत त्यांचं असं एखादं कामही असायचं, आणि ते आधी उरकलं की मगच त्यांचं पाहण्यात लक्ष लागायचं. म्हणून काकांना दुपारनंतर आत जायला मिळेल अशा बेताने तिथे सोडायचं, बाकीच्यांनी नरिमन पॉइंटला समुद्रासमोर बसायचं. ओळखीचे आमदार असले तर काकांचा मुक्काम आकाशवाणी आमदार निवासात, मग आमच्याकडे एक अंथरूण कमी लागायचं.

राणीच्या बागेला मुलं मोठ्या अपेक्षेने जायची आणि मोठी माणसं कंटाळून, पण मला ती बाग प्राण्यांपेक्षा झाडांसाठी आवडते. दीडशे वर्षांहून जुनी बाग. आत गोरखचिंच आहे, तिच्या बुंध्याला आम्ही सगळी भावंडं हात धरून वेढा घालायचा प्रयत्न करायचो. भायखळ्याला पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं, कुठलंही वाहन करायची गरज नाही. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलेलं. आमच्या लहानपणी बहुतेक पाहुणे ते पाहिल्याशिवायच परतायचे. वाघसिंह पाहून झाले की भूक लागायची. पण आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पगड्यांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. गावाहून आलेल्या एका आजोबांना तिथे त्यांच्या वडिलांच्या पागोट्याचा घाट दिसला आणि ते त्या कपाटापुढून हलेनात. बाहेर आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते ह्याच्यावरून. घारापुरी आधी झाली असेल तर हा हत्ती मुलांना दाखवावाच. काळा घोडा ज्याच्यावरून म्हणतात तो पुतळाही १९६५पासून याच परिसरात आहे. काळा घोडा चौकात तो शोधत फिरणारे पाहुणे आम्ही पाहिलेत.

मलबार हिलचा दिवस दुपारी सुरू करायचा. आधी महालक्ष्मी, मग समोर दिसणारी हाजीअली. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून वेळ पाहून निघायचं आणि आत गेल्यावर रेंगाळायचं नाही. मत्स्यालय पंधरावीस मिनिटांत होतं, पण मुलांना ते सगळ्यात जास्त दिवस लक्षात राहायचं. पाच वाजेपर्यंत हँगिंग गार्डन. ही बाग पाण्याच्या टाकीवर आहे, १८८१ साली टाकी झाकून वर माती टाकून केलेली, आणि आपल्या पायाखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी आहे हे सांगितलं की गावाकडची माणसं झाडांच्या हत्ती-जिराफांपेक्षा त्याचीच जास्त चौकशी करायची. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. त्याच्यात चढून प्रत्येकाचा फोटो, रोलमधले फोटो आधी मोजून. मग कठड्याशी उभं राहायचं आणि अंधार पडायची वाट पाहायची. खाली मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात, अर्धवर्तुळात, एकामागून एक. त्याला राणीचा हार म्हणतात हे पाहुण्यांना गावीच माहीत असायचं. तरीही ते पाहताना कुणीतरी दरवेळी बोलायचं थांबायचं. तिथून दुमजली बेस्टने खाली. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट पाहुण्यांच्या मुलांची, आमची नाही, हा घरचा दंडक होता. चौपाटीवर भेळ, कुल्फी, आणि बर्फाचा गोळा नाही म्हणजे नाही.

काही गोष्टी बारीकसारीक होत्या, पण त्यांच्यावर दिवस अवलंबून असायचा. नव्या चपला घालून मुंबई पाहायची नाही. दागिने घरच्या कपाटात ठेवून जायचं. पैसे एकाच माणसाकडे सगळे द्यायचे नाहीत. म्युझियम, मोठं स्टेशन, बाग, जिथे स्वच्छतागृह दिसेल तिथे गरज असो-नसो जाऊन यायचं. बायकांसाठी हा नियम मोलाचा होता, कारण आमच्या आया आणि आत्या या एका कारणापायी दिवसभर पाणी पीत नसत आणि संध्याकाळी त्यांचं डोकं चढायचं. हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. रिक्षा उपनगरातच चालते, पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या पुढे जात नाही, तिथून टॅक्सी. परगावच्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो भर रस्त्यात सामानासकट उतरतो. त्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात डिझेलवरची शेवटची दुमजली बसही गेली. विजेवरच्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, थंडगार आणि बंद काचांच्या.

आता आमच्या उपनगरांविषयी. पाहुण्यांच्या यादीत ती नसायची. अंधेरीला उतरलेल्यांना जुहूची चौपाटी आणि अमिताभ बच्चनचा 'प्रतीक्षा' बंगला दाखवला की अंधेरी संपली. गिल्बर्ट हिल स्टेशनापासून जवळ, जमिनीतून सरळ वर आलेला काळ्या पाषाणाचा खांब, साठ मीटरच्या आसपास उंच आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या माथ्यावर देवीचं देऊळ आहे आणि वरून विमानं उतरताना दिसतात. मावशी मात्र पाहुण्यांना तिथेही न्यायची, देवीच्या निमित्ताने. महाकालीची लेणी अंधेरीतच, पण तिथे कुणाला नेलेलं मला आठवत नाही. मुलुंडच्या मामाला आपल्या घराचा वेगळाच अभिमान. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती इथूनच गेली, असं तो गॅलरीत उभा राहून रुळांकडे हात करून सांगायचा. खरंच आहे ते.

पण कुणी मला विचारलं की मुंबईत एकच गोष्ट पाहायला वेळ आहे, तर मी त्याला गेट वेला पाठवणार नाही, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला पाठवीन. आमच्या घराण्यात हा शोध आत्याचा. एका मे महिन्यात कोकणातली मंडळी एस.टी.चं रिझर्वेशन न मिळाल्याने एक दिवस अडकली, आणि तिने त्यांना डबे बांधून कान्हेरीला नेलं. तेव्हापासून बोरिवलीचा शेवटचा दिवस कान्हेरीचा ठरला. शंभराहून जास्त लेणी एका डोंगरात. इसवी सनाच्या आधीच्या शतकात सुरुवात होऊन पुढे जवळजवळ हजार वर्षं माणसं इथे दगड कोरत राहिली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या उत्तुंग मूर्ती. मात्र माझ्या घरच्या बायकांचं मन रमलं ते पाण्यात. प्रत्येक लेण्यापाशी पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं, आणि डोंगरावरून पावसाचं पाणी त्यात उतरवणारे कोरीव पाट. पहाटे चारला उठून नळाखाली हंडे लावणाऱ्या आमच्या आया त्या टाक्यांशी वाकून किती वेळ बोलत बसायच्या! पाणी कुठून येतं, किती दिवस पुरत असेल, भिक्षूंनी गाळून घेतलं असेल का.

आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि आल्याची तारीख कोरून ठेवली. हे मला मोठेपणी वाचून कळलं, आणि तेव्हा मी सगळ्या भावंडांना फोन केले. हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी आपली माणसं घेऊन हा डोंगर चढलं, लेणी पाहिली, कोण कोण आलं होतं त्याची नोंद केली. आत्याला हे सांगायला हवं होतं. ती तेव्हा नव्हती.

आता भावंडांची मुलं येतात. कुणी पुण्याहून, कुणी बंगळुरूहून, एक भाची दोन मुलांना घेऊन टोरांटोहून आली होती. लग्नानंतर मी बोरिवलीची झाले, त्यामुळे आता उतरण्याचं घर माझं. त्यांच्या हातात फोन आहे, नकाशा आहे, चुकामुकीचा नियम त्यांना लागत नाही. पण नकाशा सांगत नाही अशा गोष्टी अजून आहेत आणि त्या मी सांगते. व्हीटी आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, तिकीट काढताना सीएसएमटी म्हणायचं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं आहे. दादरचे प्लॅटफॉर्म २०२३च्या डिसेंबरपासून सलग नंबरांचे झालेत, म्हणून जुन्या माणसाने सांगितलेला नंबर धरून चालायचं नाही, इंडिकेटर पाहायचा. मत्स्यालय आणि राष्ट्रीय उद्यानातली वनराणी ही छोटी गाडी यांचा भरवसा धरू नये, मुलांना शब्द देण्याआधी चालू आहे का ते विचारून घ्यावं. रविवारी मेगाब्लॉक कोणत्या लाइनवर आहे ते शनिवारीच पाहून ठेवावं.

३४० नंबरची बस ज्या रस्त्यावर रखडायची त्याच्यावरून ८ जून २०१४ला मेट्रो सुरू झाली, वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत. आमच्या घराण्यातले घाटकोपर आणि अंधेरी एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. बोरिवलीहूनही मेट्रोने अंधेरीपर्यंत येता येतं. आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पुरी चालू आहे. मरोळ नाक्याला बदललं की सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, हुतात्मा चौक, विधान भवन, सगळं एका ओळीत. सत्तरीच्या माणसाला घाम न येता हुतात्मा चौकात नेता येतं. गेल्या डिसेंबरात अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, सांगलीहून आले होते, त्यांना मी असंच नेलं. सरकत्या जिन्याने वर आल्यावर ते बराच वेळ स्मारकासमोर उभे राहिले आणि अण्णा कुठे उभे राहायचे ती जागा त्यांनी मला दाखवली.

तरी लहान मुलं बरोबर असली तर मी जाताना मेट्रोने नेते आणि येताना चर्चगेटहून बोरिवली स्लोने आणते. दुपारी चारच्या आत गाडीत बसलं की खिडकी मिळते. चर्नी रोडजवळ डाव्या हाताला समुद्र दिसतो, म्हणून बसायचं डाव्या बाजूला.